ड्युअल बूट: सकाळी फाइल कुलुपात, दुपारी उघडी. हे काय प्रकरण आहे?

शाईचा_डाग

मंडळी, तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू लिनक्स शेजारी शेजारी नांदतात. पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून ते ठेवणं भाग आहे. मुद्रितशोधन, शोधा-बदला, शब्दांच्या याद्या असली कामं मी उबुंटूत करते, ती तिथे हाताला बसली आहेत. मजकूर सगळा विंडोजच्या डी ड्राइव्हवर. उबुंटूतून तो दिसतो, उघडतो, इथवर सगळं छान.

आता अडचण. सकाळी लॅपटॉप लावते, थेट उबुंटूत जाते, फाइल उघडून चार पानं तपासते आणि सेव्ह करायला गेले की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम'. मग ती चार पानं दुसरीकडे चिकटवून ठेवायची. दुपारी मांडणी बघायला विंडोजमध्ये जाते, परत उबुंटूत येते आणि तीच फाइल निमूट सेव्ह होते! पंधरा दिवस हेच चाललंय. सकाळी नाही, दुपारी हो.

दुसरं म्हणजे उलट दिशा. उबुंटूच्या होम फोल्डरमधली फाइल विंडोजमधून दिसतच नाही. त्याला काही मार्ग? आणि मुळात असा दुहेरी संसार असताना फाइली ठेवाव्यात कुठे?

उगीचच

सकाळी मीसुद्धा रीड-ओन्ली असतो. लोकांचं ऐकून घेतो, डोक्यात काही लिहिलं जात नाही.

नवशिका

+१, माझ्याकडेही हेच. वाचनखूण साठवली आहे.

खटपट्या

दादा, सरळ परवानगीचा मामला आहे. डी ड्राइव्हवर सुडो लावून सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड) मारा, विषय संपला.

शाईचा_डाग

दादा नाही, ताई. आणि ते मारून झालं. काही फरक नाही.

कर्नलकाका

खटपट्या, दिसेल त्या दारावर ७७७ मारायची सवय सोडा आता. परवानगी नसती तर 'परमिशन डिनाइड' आलं असतं. इथे संदेश वेगळा आहे: अख्खं पार्टिशनच (डिस्कचा तो भागच) फक्त वाचण्यापुरतं माउंट झालंय, म्हणजे जोडलं गेलंय. शिवाय एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइल सिस्टमवर) नेहमीच्या माउंटमध्ये सीएचमॉडचा काही उपयोग होत नाही.

शाईताई, दोन प्रश्न. रात्री लॅपटॉप बंद करता तेव्हा शेवटी कशात असता, विंडोज की उबुंटू? आणि दुपारी विंडोजमधून उबुंटूत येताना 'शटडाउन' करता की 'रीस्टार्ट'?

शाईचा_डाग

रात्री शेवटी विंडोजमध्येच असते आणि शटडाउन करते. दुपारी अर्थातच रीस्टार्ट, लगेच पुढे काम असतं ना.

थांबा. पंधरा दिवसांपूर्वी मांडणीचं काम सुरू झालं. त्याआधी रात्रीचा शेवट उबुंटूतच व्हायचा. याचा काही संबंध आहे का?

कर्नलकाका

संबंध कसला, कारणच ते आहे.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाचा प्रकार आला आणि तो बहुतेक मशीनवर मुळातच चालू असतो. त्यात तुम्ही शटडाउन म्हटलंत तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्हाला लॉगआउट केलं जातं, पण गाभा आणि ड्रायव्हर जसे मेमरीत असतात तसेच्या तसे 'हायबरफिल' नावाच्या फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी तेच उचलून मेमरीत भरायचं, म्हणून चालू पटकन होतं. निजानीज झाली असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते डोळे मिटून पडलेलं असतं.

फाइलींशी याचा संबंध असा: त्या जपून ठेवलेल्या मेमरीत डिस्कची हिशेबवहीपण असते. कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे वगैरे. ही नोंद फक्त सी ड्राइव्हची नसते, त्या वेळी जोडलेल्या बाकीच्या एनटीएफएस पार्टिशनांचीही असते. म्हणून तुमचा डी सुद्धा अडकतो. आता मधल्या वेळात लिनक्सने येऊन त्या डिस्कवर काही लिहिलं आणि नंतर विंडोजने उठून आपली कालची वही खरी मानून कारभार सुरू केला, तर नवी फाइल नाहीशी होऊ शकते किंवा एका फाइलच्या जागी दुसरीचा मजकूर बसू शकतो. लिनक्समधला एनटीएफएस-३जी ड्रायव्हर ही खूण ओळखतो आणि स्वतःहून फक्त वाचण्यापुरतं दार उघडतो. तो अडवणूक करत नाहीये, राखण करतोय.

रीस्टार्टला मात्र हा प्रकार लागू नसतो. रीस्टार्ट म्हणजे खरंखुरं बंद आणि परत चालू. म्हणून तुमची दुपार सुखाची.

नवशिका

म्हणजे शटडाउन म्हणजे झोप आणि रीस्टार्ट म्हणजे पूर्ण बंद? नावं ठेवणाऱ्याला कोपरापासून दंडवत.

शाईचा_डाग

काका, डोक्यावरचं ओझं उतरलं. मी गेले दोन आठवडे डिस्क खराब झाली असं समजून रोज रात्री बॅकअप घेत होते.

सावली

तो बॅकअप वाया गेला असं समजू नका. चालूच ठेवा.

माझा अनुभव लिहिते. विंडोज ८ नवं होतं तेव्हा एकदा लिनक्समधून डी वर फोटोंचे तीन फोल्डर हलवले. लिनक्समध्ये सगळं दिसत होतं, उघडत होतं. संध्याकाळी विंडोज लावलं तर दोन फोल्डर गायब आणि तिसऱ्यात फाइलींची नावं शाबूत, पण उघडल्यावर राखाडी पट्टे. विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चेकडिस्क चालवल्यावर 'फाउंड.०००' असा एक फोल्डर तयार झाला आणि त्यात नावगाव नसलेले तुकडे. त्यातून जे जमलं ते वेचलं. कारण तेव्हा कळलंच नव्हतं, लिनक्सला शिव्या घालून मोकळी झाले होते. काकांचा प्रतिसाद वाचताना आत्ता उलगडा झाला.

खटपट्या

मान्य, माझं ७७७ मागे घेतो. पण एवढं कशाला, माउंट करताना 'रिमूव्ह_हायबरफाइल' हा पर्याय द्यायचा. ती झोपलेली फाइलच उडते आणि लिहिता येतं.

कर्नलकाका

येतं. पण विंडोज खरंच हायबरनेट केलेलं असेल आणि त्यात न साठवलेलं काम उघडं असेल तर तेही त्याच फाइलबरोबर गेलं. शाईताईंच्या मांडणीची बारा पानं तशी गेली तर त्या तुम्हाला शोधत येतील. अडीनडीला ठीक, रोजचा रिवाज म्हणून नको.

रोजसाठी विंडोजमध्येच बंदोबस्त करा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, मग 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथे वरच्या बाजूला 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी निळी ओळ असते. ती दाबल्याशिवाय खालच्या चौकटी राखाडीच राहतात, इथे बरेच जण परत फिरतात. ती दाबून 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा, सेव्ह करा. मग एकदा पूर्ण शटडाउन.

हायबरनेट कधीच वापरत नसाल तर त्याहून सोपं: अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी /एच ऑफ. हायबरनेटही जातं, फास्ट स्टार्टअपही जातं आणि सी ड्राइव्हवर ती फाइल अडवून बसलेली काही जीबी जागा मोकळी होते.

काहीच बदलायचं नसेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा. तेवढ्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं.

नवशिका

पॉवरसीएफजी /एच ऑफ टाइप केलं. 'अशी कमांड ओळखत नाही' म्हणतंय.

कर्नलकाका

देवनागरीत टाइप केलंत का?

नवशिका

…

नवशिका

झालं.

उगीचच

हा धागा शिखरावर पोचला, आता उतार.

रात्रपाळी

उताराआधी एक भर. माझं फास्ट स्टार्टअप बंद होतं, तरी एका मोठ्या अपडेटनंतर तोच त्रास सुरू झाला. बघितलं तर ती खूण परत आलेली. तेव्हापासून मोठं अपडेट झालं की ती चौकट डोळ्याखालून घालतो.

आणि ज्यांच्याकडे नवीन लिनक्स आहे त्यांच्यासाठी: तुम्हाला 'रीड-ओन्ली' असं सभ्य उत्तर न मिळता 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असं काहीतरी भयंकर दिसू शकतं. माझ्या पोटात गोळा आला होता. डिस्क गेली असंच वाटतं. डीमेसेज (लिनक्सच्या गाभ्याच्या संदेशांची यादी) बघितल्यावर शेवटी सापडलं, 'व्हॉल्यूम इज डर्टी'. एवढंच.

कर्नलकाका

बरोबर. ते दोन वेगळे ड्रायव्हर आहेत. एनटीएफएस-३जी जुना, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर फ्यूज नावाच्या सोयीवर चालणारा, २००७ पासून स्थिर. दुसरा एनटीएफएस३, पॅरागॉन कंपनीने दिलेला, २०२१ मध्ये कर्नल ५.१५ मध्ये दाखल झाला. नवा वेगवान आहे, पण पार्टिशन 'मळलेलं' दिसलं तर माउंट करायलाच नकार देतो, आणि नकाराची भाषा जरा तुसडी आहे.

अशा वेळी विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क चालवा आणि नीट बंद करा. एनटीएफएसफिक्स नावाचं साधन लिनक्समध्ये आहे. नाव भारदस्त आहे, पण ते जुजबी गोष्टी जागेवर आणतं, जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) रिकामं करतं आणि पुढची तपासणी विंडोजवर सोपवतं. ती चेकडिस्कची जागा घेत नाही.

वाकडी_वाट

मुळात २०२० नंतर ड्युअल बूट कशाला, हा माझा प्रश्न. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल २ टाका. उबुंटू आतच चालतं, सी आणि डी त्याला दिसतात, त्याचं होम विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये दिसतं. रीस्टार्ट नाही, माउंट नाही, रात्र-सकाळ नाही. लोकांना उगाच कष्ट उपसायची हौस असते.

खटपट्या

हौसच आहे. पुढे?

सावली

वाकडी_वाट, सगळ्यांचं काम टर्मिनलपुरतं नसतं हो. मला अख्खा डेस्कटॉप लिनक्सचा लागतो. माझ्या जुन्या लॅपटॉपची मेमरी एवढीशी आहे. विंडोज आणि त्याच्या पोटात लिनक्स असं दोन्ही चालवलं की पंखा विमानासारखा सुटतो. ड्युअल बूटमध्ये एका वेळी एकच जण जेवायला बसतो.

वाकडी_वाट

मेमरीचा मुद्दा मान्य. बाकी मत कायम.

शाईचा_डाग

भांडू नका :) डब्ल्यूएसएल मी बघेन. पण माझा दुसरा प्रश्न राहिला. उबुंटूतल्या फाइली विंडोजमधून?

वाकडी_वाट

त्यालाही डब्ल्यूएसएलच! डब्ल्यूएसएल --माउंट अशी सोय आहे, एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम) असलेली डिस्क जोडून वाचता-लिहिता येते.

कर्नलकाका

एका अटीवर, आणि ती अटच इथे आड येते. त्या सोयीत अख्खी भौतिक डिस्क जोडावी लागते, नुसतं पार्टिशन नाही. आणि ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे ती विंडोजच्या हातातून सोडवून घेता येत नाही. लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असेल, आणि बहुतेकांची असते, तर हा रस्ता बंद. लिनक्स वेगळ्या डिस्कवर असेल तर उत्तम उपाय आहे.

एका डिस्कवाल्यांसाठी: विंडोजला एक्स्ट४ स्वतःहून वाचता येत नाही. डिस्कइंटर्नल्सचं लिनक्स रीडर आहे, ते फक्त वाचतं, फाइल बाहेर काढून देतं. अडल्यावेळी एखादी फाइल काढायला पुरेसं. लिहिणारे ड्रायव्हरही आहेत. पॅरागॉनचा विकतचा आहे. मूळ एक्स्ट२एफएसडी फुकट होता, पण गेली कित्येक वर्षं थंड आहे, आणि एक्स्ट४ मध्ये मधल्या काळात आलेली वैशिष्ट्यं त्याला झेपत नाहीत. ज्या पार्टिशनवर तुमचं लिनक्स उभं आहे त्यावर अशा ड्रायव्हरने लिहू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

टिंब

इतके दिवस वाचनमात्र होतो, या मुद्द्यावर लिहायलाच हवं.

विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन कसंही करून दिसावं म्हणून मी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला एक ड्राइव्ह लेटर दिलं. एक्सप्लोररमध्ये 'एफ' दिसायला लागलं, मी खूश. त्यावर क्लिक केलं. खिडकी आली: 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क इन ड्राइव्ह एफ बिफोर यू कॅन यूज इट. डू यू वॉन्ट टू फॉरमॅट इट?' खाली दोन बटणं, आणि निळी चौकट 'फॉरमॅट डिस्क'वर.

विंडोजला न कळणारी कुठलीही गोष्ट त्याच्या लेखी कोरी असते. पण मला त्या वेळी ते कळलं नाही. वापरण्याआधी करायची काहीतरी तयारी असेल असं वाटलं. क्विक फॉरमॅटला चार सेकंद लागली. चारच.

नंतर टेस्टडिस्क, फोटोरेक अशी फाइली परत मिळवायची साधनं, सगळं झालं. नावं नसलेल्या हजारो फाइली हाती आल्या. त्यातून माझ्या प्रबंधाची शेवटची आवृत्ती कोणती हे ओळखायला जेवढे दिवस लागले तेवढ्यात एक प्रकरण नव्याने लिहून झालं असतं.

नवशिका

बापरे.

उगीचच

'तुमची भाषा मला कळत नाही, तुम्हाला पुसून टाकू का?' असं नम्रपणे विचारणारं जगातलं एकमेव सॉफ्टवेअर. टिंबराव, कोपरखळी म्हणून सोडून द्या, पण वाईट वाटलं.

रात्रपाळी

टिंब यांच्यासारख्यांसाठी: लिनक्सच्या पार्टिशनला लेटर देऊच नका, दिलं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून ते काढून टाका. लेटर काढल्याने डेटाला धक्का लागत नाही, फक्त ती खिडकी यायची थांबते. घरात दुसरं कुणी ते मशीन वापरत असेल तर आजच काढा.

अजून एक. नव्या मशीनवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू असण्याची शक्यता मोठी आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्या इन्स्टॉलमध्ये जास्तच. मग लिनक्सला तुमचा सी किंवा डी म्हणजे नुसती खिचडी दिसते. फाइल मॅनेजर किल्ली मागतो, ती ४८ आकडी रिकव्हरी की. सध्याची लिनक्स ती दिल्यावर उघडू शकतात, क्रिप्टसेटअप या साधनात ही सोय २०२० पासून आहे. पण ती की आधी कुठेतरी उतरवून ठेवलेली असावी लागते. सिक्युअर बूट बंद करून परत आल्यावर विंडोजनेही मला तीच की मागितली होती आणि ती होती त्याच लॅपटॉपमधल्या एका नोंदवहीत. कुलूपबंद पेटीची किल्ली पेटीतच.

शाईचा_डाग

माझा डी उघडतोय म्हणजे एन्क्रिप्शन नसावं. तपासते.

मग ठेवायचं कुठे, या प्रश्नावर काय म्हणता? तिसरं पार्टिशन करावं असं एका मैत्रिणीने सुचवलं. ते एक्सफॅटमध्ये करावं म्हणाली, म्हणजे दोघांनाही परकं नाही.

खटपट्या

एक्सफॅट मस्त. ही विंडोजची झोपेची भानगड त्याला नसते. मी तेच वापरतो.

कर्नलकाका

भानगड असते, फक्त तो सांगत नाही. विंडोज अर्धवट झोपलेलं असताना तुम्ही एक्सफॅटवर लिहिलंत तर धोका तोच. तुम्हाला अडवणारा पहारेकरी नाही, एवढाच फरक.

आणि एक्सफॅटला जर्नल नाही. लिहिता लिहिता बॅटरी संपली तर एनटीएफएस किंवा एक्स्ट४ निदान आपली हिशेबवही सावरून घेतात, एक्सफॅटला ते जमत नाही. परवानग्या नाहीत, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) नाहीत. पेनड्राइव्हसाठी, कॅमेऱ्याच्या कार्डासाठी तो ठीक. रोजच्या कामाच्या आतल्या पार्टिशनसाठी मी एनटीएफएसच सांगेन, फास्ट स्टार्टअप बंद करून. फॅट३२ चा विचारही नको, ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यात मावत नाही.

सावली

काकांशी सहमत. माझी मांडणी अशी: लिनक्स एक्स्ट४ वर, विंडोज सी वर, आणि मधे 'सामाईक' नावाचं एनटीएफएस पार्टिशन. त्यात फक्त कागदपत्रं, फोटो, गाणी. विंडोजच्या डॉक्युमेंट्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, तिथून त्याचा पत्ता सामाईकवर नेला. लिनक्समध्ये डॉक्युमेंट्सच्या जागी सामाईककडे बोट दाखवणारी सिमलिंक केली. दोन्हीकडे 'डॉक्युमेंट्स' उघडलं की तेच फोल्डर. अख्खं होम मात्र सामाईक करू नका. तिथे लिनक्सच्या सेटिंगच्या फाइली असतात, त्यांना परवानग्या लागतात, आणि एनटीएफएसवर त्या नीट टिकत नाहीत.

वाकडी_वाट

कोड लिहिणाऱ्यांनी गिटचं (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचं) भांडारही सामाईकवर ठेवू नये. मी ठेवलं होतं (हो, मीही एकेकाळी ड्युअल बूटवाला). लिनक्समध्ये उघडलं तर एक अक्षर न बदलता सगळ्या फाइली 'बदललेल्या'. एनटीएफएसवरून प्रत्येक फाइल चालवण्याजोगी दिसते म्हणून गिटला वाटतं परवानगी बदलली. 'कोअर.फाइलमोड' फॉल्स केलं की ते थांबतं, मग ओळींच्या शेवटांची मारामारी सुरू. त्यापेक्षा दोन्हीकडे वेगळं क्लोन, मधे पुश-पुल.

रात्रपाळी

सामाईक पार्टिशन चालू होतानाच आपोआप जोडलं जावं म्हणून एफएसटॅबमध्ये ओळ टाकाल तेव्हा डिस्कचं नाव न लिहिता यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) लिहा, आणि पर्यायांमध्ये यूआयडी व जीआयडी, म्हणजे तुमच्या खात्याचे व गटाचे क्रमांक, १००० (तुमचे जे असतील ते), 'विंडोज_नेम्स' आणि 'नोफेल'.

'नोफेल' विसरू नका. मी विसरलो होतो. एकदा सामाईक पार्टिशन असलेली दुसरी डिस्क काढून ठेवली आणि लिनक्स चालू केलं. दीड मिनिट नुसती ओळ सरकत होती, मग थेट 'इमर्जन्सी मोड', काळा पडदा. गाण्यांची डिस्क सापडली नाही म्हणून अख्खा लॅपटॉप संपावर.

नवशिका

'विंडोज_नेम्स' कशासाठी?

रात्रपाळी

लिनक्सला फाइलच्या नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, फुली-तारा काहीही चालतं, विंडोजला नाही. 'मसुदा: अंतिम?' असं नाव लिनक्समधून सामाईकवर दिलं तर एनटीएफएस ते ठेवून घेतो, पण विंडोजमध्ये ती फाइल दिसते आणि उघडत नाही, काढताही येत नाही. तो पर्याय असला की असं नाव लिनक्स मुळातच देऊ देत नाही. स्टीमचे विंडोजवाले खेळ लिनक्समधून खेळणाऱ्यांनी ती लायब्ररी एनटीएफएसवर ठेवू नये त्याचं एक कारण हेच: प्रोटॉन 'सी' आणि अपूर्णविराम अशा नावाची सिमलिंक तयार करतो.

उगीचच

'मसुदा: अंतिम?' हे नाव विंडोजने नाकारणं तर्कशुद्धच आहे. अंतिम मसुदा अस्तित्वातच नसतो.

घड्याळजी

विषयांतराबद्दल क्षमस्व. ड्युअल बूटमध्ये उबुंटूतून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ काही तास मागेपुढे होतं ते का? फाइलींच्या वेळाही विचित्र दिसतात.

कर्नलकाका

मदरबोर्डवरचं घड्याळ एकच. विंडोज त्यातली वेळ स्थानिक मानतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानतं. दोघं आळीपाळीने काटे फिरवतात. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ दिलं की लिनक्स माघार घेतं. विंडोजला यूटीसी मानायला लावणं जास्त शास्त्रशुद्ध, पण त्यासाठी रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची नोंद करावी लागते. एक काहीतरी करा, दोन्ही नको, नाहीतर पुन्हा उलटं चुकेल.

वेळ चुकली की सिंक करणारी सॉफ्टवेअर जुनी फाइल नवी समजू शकतात, म्हणून विषयांतर अगदीच अस्थानी नाही.

शाईचा_डाग

धाग्याचा अहवाल द्यायला आले आहे.

काल रात्री फास्ट स्टार्टअपची खूण काढली, विंडोजमधूनच शटडाउन केलं. आज सकाळी थेट उबुंटू. फाइल उघडली, एक स्वल्पविराम टाकला, सेव्ह. झालं! मग तो स्वल्पविराम काढला आणि परत सेव्ह केलं, उगाच. विंडोज चालू व्हायला आता जरा जास्त वेळ लागतो, पण घड्याळ लावून मोजावा इतका नाही.

सावलीताईंसारखं 'सामाईक'ही केलं. त्यात दोन नव्या गमती सापडल्या.

एक: डी वर जागा मोकळी करायला उबुंटूतून बऱ्याच फाइली डिलीट केल्या, जागा वाढेचना. विंडोजमध्ये गेले तर '.ट्रॅश-१०००' नावाचं फोल्डर, त्यात सगळ्या निवांत बसलेल्या. विंडोजचा रीसायकल बिन मात्र रिकामा.

दोन: काही जुन्या फाइली डी वरून उबुंटूच्या होममध्ये कॉपीच होत नाहीत. 'फाइल नेम टू लाँग' म्हणतंय. नावं लांब आहेत मान्य, लेखाचं अख्खं शीर्षक मी नावात घालते, पण विंडोजमध्ये तर चालतात!

कर्नलकाका

पहिलं: लिनक्सची कचरापेटी त्याच पार्टिशनवर, तुमच्या यूआयडीच्या नावाने असते. विंडोजला ती साधं फोल्डर वाटते. लिनक्समधून ट्रॅश रिकामा करा.

दुसरं: ही मराठी माणसाच्या वाट्याला आलेली खास अडचण. एनटीएफएस नावाची लांबी २५५ अक्षरचिन्हांत मोजतो. एक्स्ट४ मोजतो २५५ बाइटमध्ये. इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणून त्यांना फरक कळतच नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. 'स्त्री' हा एका अक्षराचा शब्द सहा चिन्हांचा, १८ बाइटचा.

सावली

वा! हे माहीत नव्हतं.

उगीचच

शुद्धलेखन न पाळता ऱ्हस्वदीर्घ गाळले तर जागा वाचेल का?

कर्नलकाका

ऱ्हस्व आणि दीर्घ दोघांनाही तीनच बाइट लागतात. त्यातून सूट नाही.

शाईचा_डाग

उगीचच, मुद्रितशोधकासमोर असले प्रस्ताव मांडू नयेत.

पण काका, आता तिसरी गंमत, आणि ही खरंच चक्रावणारी आहे. सामाईकमध्ये 'दुसऱ्या भागाचा मसुदा' नावाच्या दोन फाइली आहेत. एकाच फोल्डरमध्ये. एक विंडोजमध्ये तयार केलेली, एक उबुंटूत. नावात जागासुद्धा जास्तीची नाही, मी एकेक अक्षर डोळे फोडून बघितलं. आणि दोन्हींत वेगवेगळ्या दुरुस्त्या आहेत.

टिंब

दोन्हीकडे कीबोर्ड कोणता वापरता?

शाईचा_डाग

विंडोजमध्ये फोनेटिक, उबुंटूत इनस्क्रिप्ट.

टिंब

मग सापडलं. 'दुसऱ्या'तला तो कोयतीसारखा अर्धा र. इनस्क्रिप्टमध्ये तो ऱ या वेगळ्या अक्षराला हलन्त देऊन येतो. ते युनिकोडमध्ये यू+०९३१. काही फोनेटिक कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. दिसायला दुसऱ्या आणि दुसर्‍या, डोळ्याला एकच. फाइल सिस्टमला दोन वेगळी नावं. एनटीएफएस आणि एक्स्ट४ दोघंही नाव जसं दिलं तसं ठेवतात, सारखं दिसतं म्हणून एक मानत नाहीत.

म्हणजे शोधा-बदलामध्येही एक सापडेल, दुसरं सुटेल. तुमच्या शब्दयाद्या तपासून बघा.

शाईचा_डाग

'तऱ्हा' शोधलं. ३१ वेळा सापडलं. दुसऱ्या पद्धतीने शोधलं, आणखी १७.

मी येते थोड्या वेळाने.

नवशिका

काका, दरम्यान एक विचारू का? हायबरनेट बंद केलं ते ठीक, पण लिनक्सच हायबरनेट करून विंडोजमध्ये गेलं आणि सामाईकवर लिहिलं तर?

कर्नलकाका

तोच धोका, बाजू बदलून. केलंत का तसं?

नवशिका

…